सरांची लय

१२ ऑक्टोबर

स्मृती समितीचे चिटणीस आज घरी येऊन गेले. माझे पियानोचे सर गेल्यापासून इतक्या वर्षांत या माणसाने आमचा जिना चढलेला मला आठवत नाही. सर असते तर या डिसेंबरात नव्वदीचे झाले असते, म्हणून मोठ्या सभागृहात कार्यक्रम करायचं ठरलंय. मला वाटलं, मला वाजवायला बोलावताहेत. मी चहा टाकायला उठलेसुद्धा. तर म्हणाले, तुमची एखादी विद्यार्थिनी पाठवा, तुमचंही नाव राहील. मग मी चहात साखर घालायची विसरले.

मुख्य वादन अर्थातच थोरलीचं. थोरली म्हणजे माझी गुरुभगिनी. माझ्या दहाएक वर्षं आधी सरांकडे शिकली आणि शिकून निघून गेली. आता संगीत महाविद्यालयात मोठ्या खुर्चीवर बसते. तिच्या वाजवण्याला पेपरवाले 'चैतन्यमय' म्हणतात. मी घाई म्हणते. सरांच्या शेवटच्या चौदा वर्षांत त्यांच्याजवळ कोण होतं, हे समितीला विचारावंसं वाटलं नाही. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, एवढं म्हणून मी गप्प बसते.

पण एक गोष्ट कामाची निघाली. महाविद्यालयाचे प्राचार्य पहिल्या रांगेत असणार, आणि त्या दिवशी वाजवणाऱ्या मुलांपैकी एकाला ते थेट प्रवेश देणार, फी माफ. चिटणीस गेल्यावर मी बारकीला हाक मारली. बारकी माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. लहानपणी नाव पडलं ते पडलं, आता माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे. सात वर्षांची असल्यापासून माझ्याकडे राहते, माझ्याच हाताखाली शिकते. तिच्या आईने तिकडे गावी, ती स्वतः काम करते त्या कारखान्याच्या हजेरी खात्यात तिच्यासाठी टेबल बघून ठेवलंय. प्रवेश मिळाला तर पियानो, नाही तर नव्या वर्षापासून कारखाना, असं बहिणीने स्वच्छ सांगितलंय. तिचंही चूक नाही. एकटी बाई कुठवर ओढणार?

बारकी सरांच्या लाडक्या पियानो-रचनेचा, त्या सोनाटाचा, दुसरा भाग वाजवेल. सरांचा भाग. बाकीच्यांनी आपापली घोडी दामटावीत.

१५ ऑक्टोबर

आज सुरुवात केली. आधी हात. आमच्याकडे हा शिरस्ताच आहे. एनॅमलच्या भांड्यात सोसेल इतकं गरम पाणी घ्यायचं, दोन्ही हात मनगटापर्यंत बुडवायचे आणि पाणी कोमट होईपर्यंत काढायचे नाहीत. मग टॉवेलने टिपून, कुणाशी चकार शब्द न बोलता पियानोपाशी बसायचं. सर माझ्या प्रत्येक धड्याआधी असं करत. मी पहिल्यांदा गेले तेव्हा ते खिडकीशी बसले होते, हात पाण्यात, डोळे मिटलेले. मी दारातच थांबले. एवढी तयारी करून कुणी सुराला हात लावतं, हे मी तोवर पाहिलंच नव्हतं. पालकमंडळी माझ्या माघारी 'हात-आंघोळीचा क्लास' म्हणतात, मला ठाऊक आहे. म्हणोत बापडी.

बारकीने पहिलं पान वाजवलं आणि मी थांबवलं. गाडी चुकणार असल्यासारखी निघाली होती. तर तिने पानावरच्या शब्दावर बोट ठेवलं. अंदान्ते. "मावशी, चालत्या गतीने असं लिहिलंय. चालत्या म्हणजे चालत्या, बसत उठत नव्हे."

मी म्हटलं, कोण चालतंय ते बघायला नको का? अंत्ययात्रेतही माणसं चालतातच. आतून ह्यांचा आवाज आला, "पण तीसुद्धा अंधार पडायच्या आत पोचतात." दोघं पोट धरून हसली. औषधांचं दुकान बंद केल्यापासून ह्यांना गिऱ्हाईक उरलेलं नाही, त्यामुळे सगळे विनोद माझ्या नावावर जमा होतात.

लयीचे ठोके देणाऱ्या मेट्रोनोमचं वजन मी काट्यावर पार वरच्या टोकाला सरकवलं, म्हणजे त्याहून सावकाश त्याला हलताच येत नाही. तिला सांगितलं, ही सरांची लय. डाव्या हाताचे ते रुंद कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचे जुडगे, एकदम दाबायचे नाहीत, खालून वर, एकेक सूर, पायरी पायरीने चढायचे. शेवटाकडे उजवा हात वरच्या सुरावर झेप घेतो, त्याच्या आधी थांबायचं. 'सरांचा श्वास' म्हणतो आम्ही त्याला. तो पानावर कुठेही नाही. पानावरचं काय, कुणीही वाजवेल.

ती वाजवत गेली. चांगला हात आहे पोरीचा, तिला सांगत नाही इतकंच.

२३ ऑक्टोबर

भाजी घेऊन येत होते. कोपऱ्यावर आले आणि वरून पियानो ऐकू आला. रेडिओ असेल असं वाटलं. दुसराच भाग होता, पण कसा, तर एखादं माणूस संध्याकाळी काम संपवून, हात मोकळे सोडून घराकडे निघावं तसा. कॉर्ड अख्खेच्या अख्खे पडत होते. मी भिंतीला टेकून उभी राहिले. पिशव्यांच्या बंदांनी बोटांना रग लागली होती, म्हणून थांबले. शेवटची झेप आली, आणि वाजवणारा जराही न थांबता वर गेला, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हे इथे लिहून ठेवते, कारण दुसरीकडे कुठे बोलणार नाही.

मग वर आमची खिडकी उघडली आणि बारकीने खाली वाकून विचारलं, पिशव्या घ्यायला येऊ का?

मी तिला तासभर झापलं. भुलवणारं वाजवणं सोपं असतं, जत्रेतला पाळणाही भुलवतोच. मला स्वतःलाही मी झापलं. उभ्या आयुष्याची तालीम, आणि रस्त्यावर उभी राहून पाघळले.

२९ ऑक्टोबर

थंडी पडायला लागली. सकाळी बोटं लाकडाची होतात. मधाच्या बरणीचं झाकण मला काढता आलं नाही, ह्यांनी काढून दिलं आणि माझा हात हातात धरून सांध्यांकडे बघत बसले. डॉक्टरला दाखव म्हणाले. मी म्हटलं, थंडी डॉक्टरला दाखवली की जाते होय?

सरांचंही थंडीत असंच होतं. गार दिवसांत ते पियानोला हात लावत नसत. "आज पियानो रुसलाय," म्हणायचे, आणि नुसतं बोलायचे. लय म्हणजे काय, मौन म्हणजे काय. मी जे काही शिकले ते त्या बोलण्यांत. आज मीही बारकीला वाजवून दाखवलं नाही, बोलले. ती दोन वेळा जांभई दाबताना दिसली.

३ नोव्हेंबर

घरभेद्याने लंका जळाली ती अशी. बारकी थोरलीकडे जाऊन आली. एकदा नाही, दोनदा. ग्रंथालयात जाते सांगून. मला वरच्या मजल्यावरच्या शिंपिणीकडून कळलं, तिची मुलगी महाविद्यालयात झाडलोट करते.

मी थोरलीला फोन लावला. मी काय काय बोलले ते लिहीत नाही. ती शांतपणे म्हणाली, "पोरगी आपणहून आली. मी फक्त तिला तिच्या वयाने वाजवू दिलं. आणि हे बघ, आमच्या वेळी सर हा भाग चालत वाजवायचे. चांगले भरभर चालत."

तुमच्या वेळी, मी म्हटलं. तुमच्या वेळी सर चाळिशीत होते, मैफली करत होते, टाळ्यांच्या नादी होते. पुढे त्यांनी ते सगळं सोडलं. मी आले तेव्हा त्यांनी जाहीर वाजवणं बंद केलं होतं, रेकॉर्ड करायला आलेल्यांना दारातून परत पाठवत होते. कच्ची कैरी खाऊन जी उठून गेली, तिने आंब्याची चव सांगू नये.

तिने विचारलं, "तू खरंच असं समजतेस?" तिचा स्वर मला आवडला नाही. मी फोन ठेवला.

बारकीला म्हटलं, दोन डगरींवर पाय ठेवलास तर मध्ये पडशील. ती म्हणाली, मला प्रवेश हवाय मावशी, कारखाना नकोय. मी म्हटलं, मग माझं ऐक.

९ नोव्हेंबर

तीन दिवस घरात अबोला. आज एक सुचलं आणि बरं वाटलं. सरांच्या पत्नी अजून आहेत. आम्ही सगळे शिष्य त्यांना वहिनी म्हणायचो. मुलाकडे असतात, बुटांच्या दुकानावरच्या मजल्यावर. कार्यक्रमात त्यांचा सत्कार आहेच. सत्काराला उत्तर देताना त्यांनी दोनच वाक्यं बोलायची, की सर दुसरा भाग कसा वाजवत. त्यांच्याइतकं कुणी ऐकलंय? मग थोरलीने बसावं आपल्या खुर्चीवर, आणि प्राचार्यांनाही कळेल की बारकी वाजवते तेच अस्सल.

हातच्या कांकणाला आरसा कशाला. गुरुवारी जाते.

१४ नोव्हेंबर

जाऊन आले.

वहिनी खिडकीशी वाटाणे सोलत होत्या. कान बरे आहेत, डोळे गेलेत थोडे. मलाही एक मूठ दिली सोलायला. मी मुद्द्यावर आले. लोकांना हल्ली घाईचं कौतुक झालंय, म्हटलं, तुम्ही एकदा सगळ्यांसमोर सांगा, सर तो भाग कसा वाजवत ते.

"कुठल्या काळातलं सांगू?" त्या म्हणाल्या.

मला कळलं नाही. मग त्या आपल्या तंद्रीत सांगत बसल्या. लग्न झालं तेव्हा सरांच्या त्या दुसऱ्या भागावर त्या आत कपड्यांच्या घड्या घालायच्या. एका ओळीत एक सदरा व्हायचा. चालायचाच तो, म्हणाल्या, छान चालायचा. पुढे बिचाऱ्यांची बोटं गेली.

मी वाटाण्याची एक शेंग कधीची दाबत होते. ती उघडत नव्हती. वहिनींनी माझ्या हातातून ती घेतली. "राहू दे गं, तुझ्याने होत नाहीये," म्हणाल्या. "त्यांचंही असंच सुरू झालं होतं. संधिवात. तू यायला लागलीस तेव्हा तर पंजाही उघडेना. डॉक्टरने सांगितलं म्हणून ते पाण्यात हात घालून बसायचे, त्याशिवाय पहिला सूरच लागायचा नाही."

मी म्हटलं, सर म्हणायचे की हा भाग खोलात जाऊन वाजवायचा असतो.

"ते तू म्हणायचीस," वहिनी म्हणाल्या. "पहिल्याच दिवशी म्हणालीस, सर, किती खोल वाजवता तुम्ही. त्या दिवशी जेवताना मला त्यांनी दोनदा सांगितलं ते. आणि म्हणाले, हिला दुखण्याचं कळू द्यायचं नाही. बाकी सगळे कीव करायचे ना. तुझ्यामुळे बरं वाटायचं त्यांना."

श्वासाचं विचारायचं माझ्या ओठावर आलं होतं. विचारलं नाही. वहिनी म्हणाल्या, सभेत असलं काही बोलायचं मला जमणार नाही हं, नुसता हार घेईन. मी म्हटलं, बरोबर आहे, नकाच बोलू.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

१५ नोव्हेंबर

ह्यांना विचारलं, तुमच्या दुकानातून सरांना औषधं जात होती का? हे म्हणाले, दर महिन्याला, गोळ्या आणि चोळायचं तेल.

मी म्हटलं, मला कधी बोलला नाहीत. तर माझ्याकडे बघत राहिले. "तुला ठाऊक असेल असंच मला वाटत होतं. अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं." आणि मग, "तू सरांबद्दल बोलायला लागलीस की मध्ये तोंड घालायची सोय होती का कुणाला?"

बारकी आत भांडी विसळत होती म्हणून मी त्यांना हळू बोला म्हटलं. ते कधी हळू बोललेत? काउंटरपलीकडच्या बहिऱ्या म्हाताऱ्यांशी बोलून आवाज चढलाय तो चढलाच. त्याच आवाजात म्हणाले, "आणि तुझंही तेच आहे. दोन वर्षं सांगतोय."

माझं काहीही तेच नाही. माझी थंडी आहे.

१९ नोव्हेंबर

दुपारी घरात कुणी नव्हतं. हे बँकेत, बारकी बाहेर. मी दार लावून घेतलं आणि पियानोपाशी बसले. पाण्यात हात घातले नाहीत. ठरवून घातले नाहीत. मेट्रोनोम बंद ठेवला आणि दुसरा भाग चालत्या गतीने सुरू केला, त्या दिवशी रस्त्यावर ऐकला होता तसा.

पहिल्या ओळीतच हात मागे पडले. डाव्या हाताचा कॉर्ड एकदम दाबायला गेले तर करंगळी पोचेचना, मग तो आपोआप खालून वर तुटत गेला, पायरी पायरीने, सरांसारखा. तुटू नये म्हणून पुन्हा केला. पुन्हा तसाच. शेवटच्या झेपेआधी हात थांबला. मी थांबवला नाही, तो थांबला. अंगठ्याच्या बुडाशी अशी कळ आली की तोंडातून शब्द फुटला.

म्हणजे मी इतकी वर्षं काय शिकवलं? आणि त्यांनी मला काय म्हणून शिकवू दिलं? चौदा वर्षं मी त्यांच्या दुखण्याची टिपणं काढत होते आणि ते मान डोलवत होते. एवढा राग मला कधी कुणाचा आला नव्हता. मेलेल्या माणसावर रागावण्यात एक गैरसोय असते, ते उत्तर देत नाहीत.

मग हात पाण्यात घातले. बरं वाटलं, हेही खरं.

२२ नोव्हेंबर

बारकी आज आपणहून माझ्या खोलीत आली. पलंगाच्या कडेला बसली. म्हणाली, मावशी, थोरल्या बाईंकडे आता जात नाही. तू म्हणशील तसं वाजवते.

मला भरून आलं. कितीही झालं तरी रक्त आहे. तिला वाटत असावं की मी तिच्यामुळे खंगलेय, चार दिवस नीट जेवले नव्हते.

मग ती म्हणाली, "वहिनींकडे गेली होतीस ना? काय म्हणाल्या त्या?"

आता सांगता आलं असतं. जीभ रेटली तर एका वाक्याचं काम होतं. पण सरांची लाज चव्हाट्यावर मांडायची का मी? ज्या माणसाने बायकोलाही बोलू दिलं नाही, त्याचं दुखणं मी या कोवळ्या पोरीच्या हातात द्यायचं? शिवाय कार्यक्रम दोन आठवड्यांवर आलाय, आता लय मोडली तर ती ना इकडची राहील ना तिकडची. आणि कारण काहीही असो, सर तसे वाजवत होते की नाही? मी कानांनी ऐकलंय. दुखणाऱ्या बोटांतून आलेलं खोटंच असतं, असं कुणी ठरवलं?

मी म्हटलं, "वहिनी म्हणाल्या, सर असंच वाजवायचे."

ती बराच वेळ माझ्याकडे बघत होती. "बरं," म्हणाली आणि गेली. शहाणी पोर आहे.

३० नोव्हेंबर

तयारी उत्तम. सगळं जिथल्या तिथे. कॉर्ड, श्वास, लय. ती आता एका शब्दाने वाद घालत नाही. सुरांत मात्र काहीतरी गार वाटतं. थंडी असेल.

७ डिसेंबर

काल झालं ते क्रमाने लिहिते, म्हणजे डोकं जागेवर राहील.

मी घरून थर्मासमध्ये गरम पाणी आणि ते भांडं नेलं होतं. रंगमंचामागच्या खोलीत थोरलीचा विद्यार्थी कोपऱ्यात हात चोळत उड्या मारत होता, आमच्या भांड्याकडे बघून हसला. बारकीने हात बुडवले. तिचे हात, लांब, सरळ, एकही गाठ नाही. पाणी निवत आलं तेव्हा हात आतच ठेवून तिने विचारलं, "मावशी, तुला मला काही सांगायचंय का?"

म्हटलं, "श्वास विसरू नकोस."

"नाही विसरणार," म्हणाली.

ती बसली आणि सुरू केलं. माझी लय. सरांची लय. सभागृहात खोकले सुरू झाले, मग खुर्च्या करकरल्या. कॉर्ड पायरी पायरीने चढत होते. मला प्रत्येक ठिकाणी सरांचे हात दिसत होते, आणि आता त्यांचं दुखणं दिसत होतं. मी डोळे मिटले तर अधिकच दिसायला लागलं. झेपेच्या आधी ती थांबली. इतका वेळ थांबली की पुढच्या रांगेतल्या एकाने टाळी वाजवायला हात उचलले. मग तो वरचा सूर आला, एकटा, आणि संपलं. तिने एक चूक केली नाही. वहिनी पहिल्या रांगेत पदराने डोळे पुसत होत्या.

प्रवेश थोरलीच्या त्या उड्या मारणाऱ्याला मिळाला. त्याने दोन ठिकाणी सूर चुकवले, पण लोक पाय हलवत होते. नंतर प्राचार्य मला भेटले. सभ्य गृहस्थ आहेत. म्हणाले, "मुलीचा हात फार चांगला आहे. पण एकोणिसाव्या वर्षी ती इतकं थकलेलं का वाजवते?" मी म्हटलं, ती परंपरा आहे. त्यांनी मान हलवली आणि घड्याळ बघितलं.

थोरली आली. मी बोलायच्या तयारीत होते. तिने माझा हात हातात घेऊन दाबला, आणि मी कळवळले. तिने खाली माझ्या सांध्यांकडे पाहिलं. मग हलकेच हात सोडला, जणू काही काचेचा होता. मला तिचं ते सोडणं सहन झालं नाही.

वहिनींना खुर्चीवरून उठवत होते. त्यांनी बारकीला जवळ बोलावून तिचा गाल कुरवाळला. "अगदी त्यांच्यासारखं गं," म्हणाल्या. "शेवटच्या वर्षांतल्यासारखं."

बारकीने वहिनींकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "म्हणजे सरांच्या पिकलेल्या काळातलं."

परत येताना हे गाडीत एकही विनोद बोलले नाहीत. प्राचार्यांना कान नाहीत, असं मी म्हटलं, त्यावरही नाही.

२९ डिसेंबर

बहीण येऊन बारकीला घेऊन गेली. एक बॅग आणि पांघरुणाची वळकटी, एवढंच सामान. वह्या, स्वरलिप्या सगळं इथेच ठेवलं. मी म्हटलं, सराव सोडू नकोस. बहीण म्हणाली, कशावर करेल, टेबलावर? मला बोचलं, पण तिचंही बरोबर आहे.

१२ जानेवारी, रविवार

आज बारकी आली होती. सुट्टीचा दिवस, सकाळच्या गाडीने येऊन संध्याकाळच्या गाडीने परत. अंगाला कारखान्याच्या तेलाचा वास होता. ह्यांच्याशी गप्पा मारल्या, हजेरी खात्यातल्या साहेबाची नक्कल करून दाखवली. मला फार बरं वाटलं.

जेवण झाल्यावर ती उठली आणि पाणी तापत ठेवलं. मी म्हटलं, वा, सवय गेली नाही तर. तिने भांडं आणून ठेवलं ते माझ्यासमोर. ह्यांच्याकडून दोन गोळ्या मागून आणल्या होत्या, त्या बाजूला ठेवल्या. माझे दोन्ही हात धरून पाण्यात सोडले. स्वतःचे घातले नाहीत.

"गोळ्या रोज घे," म्हणाली. "सरांनीही घेतल्या होत्या."

मी विचारलं, तुला कुणी सांगितलं?

"काका कधी हळू बोललेत का? मी भांडी विसळत होते त्या दिवशी."

मी मनात तारखा जुळवायला लागले. त्याची गरज नव्हती, तीच सांगत होती. आवाज चढवला नाही, रडली नाही, रडली असती तर मला काही करता आलं असतं. "मला दोन्ही येत होतं मावशी. तुझंही आणि चालतंही. दोन्ही तयार ठेवलं होतं. म्हटलं, मावशी आज सांगेल, उद्या सांगेल. तू फक्त म्हणायचं होतंस, बारके, तू तुझं वाजव. आत जाईपर्यंत वाट बघितली मी. झेपेच्या आधी थांबले ना, तेव्हासुद्धा दुसऱ्या रांगेत तुझ्याकडेच बघत होते. तू डोळे मिटून बसली होतीस."

मी म्हटलं, मग तू आपलं वाजवायचं होतंस, तुला कुणी धरलं होतं? प्रवेश तुझा, आयुष्य तुझं.

"हो," ती म्हणाली. "माझीही चूक आहेच. हट्ट आपल्या घरातलाच."

मग ती पियानोपाशी जाऊन बसली आणि दुसरा भाग वाजवला. चालत. पाच आठवडे हात लावलेला नव्हता, एकदोन ठिकाणी अडखळली, पण चालत राहिली. हे पेपर खाली ठेवून ऐकत होते. श्वासाची जागा आली, गेली. संपल्यावर तिने झाकण लावलं, त्यावरून एकदा हात फिरवला, आणि गाडीची वेळ झाली म्हणाली. मी उठून तिला जवळ घ्यायला हवं होतं, पण हात ओले होते आणि टॉवेल लांब होता. हे तिला सोडायला खाली गेले.

उद्यापासून नवी मुलगी येते शिकायला, आठ वर्षांची. तिच्या आईने परवाच विचारलं होतं, पियानो शिकायला गरम पाणी कशाला लागतं? मी म्हटलं होतं, मुलीला घेऊन या, मग सांगते. भांडं अजून तिथेच टेबलावर आहे. ते सकाळी भरायचं की आत ठेवून द्यायचं, ते ठरत नाही.